पुढच्या वर्षी बघा!

वाणिज्य शाखेची पदवी घेतली की माणसाची एक सोय होते आणि एक पंचाईत होते. सोय अशी, की बँकेत चिकटता येतं. पंचाईत अशी, की त्यानंतर जगातली कुठलीही गोष्ट जमा आणि नावे या दोन रकान्यांतच दिसायला लागते. लग्नाच्या पंगतीला बसलो तरी माझ्या डोक्यात ताट आणि आहेर यांचा मेळ चालू असतो. इतिहासाचंही तसंच. पानिपतची बातमी पेशव्यांना म्हणे मोती, मोहरा आणि खुर्दा अशा भाषेत कळवली होती. शाळेत ते वाचून सगळ्या वर्गाला गलबलून यायचं. मलाही यायचं, पण खुर्द्याची मोजदाद राहून गेली, याची रुखरुख जास्त वाटायची.

अशा या माणसाकडे न्यू जर्सीतला भाचा गेल्या खेपेला बेसबॉलच्या इतिहासावरची चार जाडजूड पुस्तकं ठेवून गेला. मामाला वाचनाची आवड आहे, हे सांगितलेलं कारण. परतीच्या बॅगेचं वजन जास्त भरत होतं, हे खरं कारण. त्या पुस्तकांत मला एक खातं सापडलं. वर्षानुवर्षं थकलेलं, तारण काही नाही, जामीन कोणी नाही, तरी दर ऑक्टोबरात बिनतक्रार नूतनीकरण. शेवटी एकदाचं चुकतं झालं, तर दोन वर्षांत शाखाच उचलून दुसऱ्या गावी नेली. खात्याचं नाव ब्रुकलिन डॉजर्स.

बेसबॉलचे नियम मी इथे सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की एका बाजूला नऊ माणसं आणि डावही नऊ. चेंडू टाकतो तो पिचर, फलंदाजाच्या मागे बसून झेलतो तो कॅचर. यष्ट्या नसतात. फलंदाजाचे तीन चेंडू वाया गेले की तो बाद. त्या काळी एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १५४ सामने खेळे. मग नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगमधले पहिले आलेले संघ ऑक्टोबरात समोरासमोर येत आणि सातांपैकी चार सामने आधी जिंकेल तो जगज्जेता. या प्रकाराला वर्ल्ड सिरीज म्हणतात. १९४१ ते १९५६ या सोळा वर्षांत हे ‘वर्ल्ड’ सात वेळा न्यूयॉर्क शहराच्या हद्दीतच संपलं. एका बाजूला ब्रुकलिन, दुसऱ्या बाजूला ब्राँक्समधले यांकीज. म्हणजे दादरनं गिरगावशी खेळावं आणि जिंकणाऱ्यानं पृथ्वीचं राज्य घ्यावं, तसं.

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. विलीनीकरण म्हणजे काय असतं, ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. आमचीही पाटी एकदा बदलली. कागदोपत्री सगळे एक झाले, पण चहाला अजून जुन्या बँकेचे लोक एका टेबलावर आणि नव्या बँकेचे दुसऱ्या टेबलावर बसतात. ब्रुकलिनकरांचं तेच झालं. महानगरपालिका गेली, हुद्दे गेले, शहराचं नाव राहिलं ते एका संघाच्या छातीवर. संघाचं नाव तरी काय? तिथल्या रस्त्यांवर विजेच्या ट्रामा सुरू झाल्या, तेव्हा त्या चुकवत पळणाऱ्या लोकांना बाकीचे ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणून चिडवत. आपल्या भाषेत ट्रामचुकवे. चिडवण्याचंच नाव करून घेतलं की चिडवणाऱ्याची पंचाईत होते, हे पुणेकरांखालोखाल ब्रुकलिनकरांना कळलं होतं.

त्यांचं मैदान एबेट्स फील्ड, १९१३ सालचं. बत्तीसएक हजार माणसं मावायची. हिल्डा चेस्टर नावाच्या बाई गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन बसत आणि योग्य वेळी, म्हणजे सतत, वाजवत. धावफलकाखाली एब स्टार्क नावाच्या कपडेवाल्याची जाहिरात होती : या पाटीला चेंडू मारा आणि सूट फुकट न्या. पाटीसमोर डॉजर्सचा कार्ल फुरिलो उभा असे, त्यामुळे सूट द्यायची पाळी क्वचितच येई. जाहिरातखर्च असा भागवणारा माणूस मागे राहणं शक्य नव्हतं. स्टार्कसाहेब पुढे ब्रुकलिनचे बरो प्रेसिडेंट झाले.

हे सगळं मजेचं. आता नावे बाजू बघू.

१९४१, ऑक्टोबरची ५ तारीख, वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. शेवटचा डाव, डॉजर्स ४-३ असे पुढे, यांकीजचे दोन बाद. टॉमी हेन्रिकनं तिसरा चेंडू हुकवला. संपला सामना! पण बेसबॉलात एक पोटकलम आहे. तिसरा चेंडू कॅचरनं नीट धरला नाही, तर हुकलेला फलंदाज पळू शकतो. मिकी ओवेनच्या हातमोज्याला लागून चेंडू निसटला. हेन्रिक पळाला. पाठोपाठ यांकीजनी चार धावा काढल्या आणि सामना ७-४ असा नेला. दुसऱ्या दिवशी सिरीजही नेली. सही आहे, शिक्का आहे, रक्कम मोजून झाली आहे आणि तेवढ्यात वाऱ्यानं चेक उडून पलीकडच्या काउंटरवर जावा, असा हा प्रकार. याच सुमाराला ब्रुकलिनच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं : पुढच्या वर्षी बघा!

आपण हेच गणपतीला सांगतो. तो बिचारा येतो तरी. ब्रुकलिनला १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या चारही साली ऑक्टोबरात यांकीज भेटले आणि चारही वेळा जिंकून गेले. मधल्या १९५१ साली तर गंमतच झाली. ऑगस्टमध्ये डॉजर्सची आघाडी तेरा सामन्यांपर्यंत गेली होती. ती न्यूयॉर्क जायंट्सनी भरून काढली, बरोबरी झाली म्हणून तीन जादा सामने ठेवले, आणि ३ ऑक्टोबरला शेवटच्या डावात बॉबी थॉमसननं एका फटक्यात तीन धावा वसूल करून ५-४ असा निकाल लावला. जायंट्सचे लोक त्या मोसमात आपल्या मैदानात दुर्बीण लावून प्रतिपक्षाच्या कॅचरच्या खुणा चोरत होते, हे २००१ साली वर्तमानपत्रात सविस्तर छापून आलं. पन्नास वर्षांनी का होईना, ऑडिट झालं. वसुली अर्थातच झाली नाही.

मला मात्र या यादीत सगळ्यात जवळचा वाटतो तो १९५२ चा गिल हॉजेस. हा डॉजर्सचा भरवशाचा फलंदाज. त्या सिरीजच्या सातही सामन्यांत मिळून एकवीस संधी आणि एकही टोला लागू नाही. एकवीसचे एकवीस चेक परत. दुसऱ्या कुठल्या गावात या माणसाच्या घरावर दगड पडले असते. ब्रुकलिननं काय केलं, तर त्याला धीराची पत्रं पाठवली, शुभशकुनाच्या वस्तू पाठवल्या. पुढच्या मोसमातही त्याचा हात बसेना, तेव्हा एका रविवारी तिथल्या एका धर्मगुरूंनी उकाड्यामुळे प्रवचनाला फाटा दिला आणि भाविकांना सांगितलं की घरी जा, दहा आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. त्याच मोसमात त्याचा खेळ पुन्हा जमला. ही माणसं संघाकडे येणेकरी म्हणून बघतच नव्हती. ती घरच्यासारखी वागत होती, आणि घरात थकबाकीचं व्याज लावत नाहीत.

तुम्ही म्हणाल, सारखं हरणाऱ्या संघाच्या मागे माणसं राहतात कशी? याचं उत्तर आहे होतकरू. संघ हरला की दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनकर पेपरात मोठा संघ सोडून धाकट्या संघांची पानं बघायचा. मॉन्ट्रियल, सेंट पॉल, फोर्ट वर्थ अशा ठिकाणी डॉजर्सचे पोसलेले संघ होते. तिथे कोण पोरगा कसा खेळतोय, पुढच्या एप्रिलला वर येईल का, आला तर कुणाच्या जागी, याची चर्चा न्हाव्याच्या दुकानापासून दारूच्या गुत्त्यापर्यंत चाले. निकालानं दिलेलं दुःख ही यादी भरून काढी. होतकरू खेळाडू म्हणजे मुदत ठेवीची पावती. आज हातात काही नाही, पण आकडा वाचूनच बरं वाटतं.

या ठेवींचा धंदा उभा केला ब्रँच रिकी या गृहस्थानं. हे १९४२ च्या अखेरीस ब्रुकलिनला आले. महायुद्ध चालू होतं, इतर संघांनी पोरं हेरणं जवळजवळ बंद केलं होतं. रिकींनी उलट सपाटा लावला. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे खेळाडूंचा इतका साठा होता, की १९४८ पासून फ्लॉरिडात व्हेरो बीचला नौदलाच्या जुन्या विमानतळावर वसाहत करून शेकडोंना एकदम शिकवावं लागलं. ड्यूक स्नायडर, कार्ल अर्स्किन, डॉन न्यूकम ही याच ठेवीतली नावं.

यातला एक होतकरू निराळाच होता. मोठ्या लीगांनी साठएक वर्षं काळ्या खेळाडूंना दार बंद ठेवलं होतं. कायदा नव्हता, लेखी ठराव नव्हता. नुसतं सगळ्यांचं ठरलेलं होतं. रिकींनी जॅकी रॉबिन्सनला १९४६ मध्ये मॉन्ट्रियलला ठेवलं आणि १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या मैदानात उतरवलं. त्याला शिव्या खाव्या लागल्या, धमक्यांची पत्रं आली, अंगावर चेंडू आले. तो खेळत राहिला. लोकांनी होतकरू म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. बाकीच्यांना धावा जमवायच्या होत्या. याला आधी खातं उघडायचा हक्कच मिळवायचा होता. त्याच्या मागून रॉय कँपानेला आला, न्यूकम आला आणि इतर संघांचीही दारं एकेक करून उघडली.

सगळ्याच ठेवी पिकतात असं नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत डॉजर्सनी पोर्टो रिकोच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाला दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतलं आणि मॉन्ट्रियलला पाठवलं. तिथे त्याला फारसं खेळवलंच नाही. दुसऱ्यांच्या नजरेत भरू नये म्हणून दडवला, असं पुष्कळ जण म्हणतात. पण मोठा बोनस दिलेला खेळाडू धाकट्या संघात ठेवला, तर मोसमाअखेर दुसरा कुणीही त्याला उचलू शकतो, असा नियम होता. नोव्हेंबरात पिट्सबर्गनं चार हजार डॉलर भरून त्याला उचललं. पिट्सबर्गचा कारभार तेव्हा कोण बघत होतं? ब्रुकलिन सोडून गेलेले ब्रँच रिकी! जुन्या मॅनेजरला लॉकरची जागा माहीत असणारच. मुलाचं नाव रॉबेर्तो क्लेमेंटे. त्यानं पुढे बरोबर तीन हजार टोले लावले, पिट्सबर्गला दोनदा जगज्जेते होताना साथ दिली, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. त्याचा हिशेब डॉलरमध्ये मांडायला माझाही हात धजत नाही.

आता जमा बाजू. ती एका ओळीची आहे, पण ठळक.

१९५५. डॉजर्सनी मोसमाचे पहिले दहा सामने ओळीनं जिंकले आणि ऑक्टोबरच्या तोंडाशी पुन्हा तेच यांकीज. पहिले दोन सामने यांकीजनी घेतले. ब्रुकलिननं ‘पुढच्या वर्षी’ची तयारी सुरू केली असणार. तिसऱ्या सामन्याला चेंडू दिला जॉनी पोड्रेसच्या हातात. मोसमात नऊ विजय, दहा पराभव, म्हणजे काठावर नापास. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता. तो जिंकला. मग चौथा जिंकला, पाचवा जिंकला, सहावा हरला. तीन-तीन. ४ ऑक्टोबरला, यांकीजच्या मैदानात, सातव्या सामन्यासाठी पुन्हा पोड्रेस.

इथे मला पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं. ओवेनच्या हातून चेंडू सुटला तेव्हा हा पोड्रेस, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा, नऊ वर्षं पाच दिवसांचा होता. त्याच वयापासून तो डॉजर्सवाला. त्या दिवसापासून या सातव्या सामन्यापर्यंत चौदा वर्षं होतात, एक दिवस कमी. रामालाही पूर्ण चौदा काढावी लागली होती. ब्रुकलिनला एक दिवसाची सूट मिळाली.

डॉजर्सच्या दोन धावा झाल्या. दोन्ही गिल हॉजेसमुळे! सहाव्या डावात यांकीजचे दोन गडी धावेच्या वाटेवर, बाद कुणी नाही, आणि योगी बेरानं डाव्या सीमेकडे उंच टोला मारला. तिथे त्याच डावात नुकताच येऊन उभा राहिलेला क्युबाचा सँडी आमोरोस, हाही मॉन्ट्रियलहून आलेला, लांबून धावत आला आणि उजवा हात पुढे करून त्यानं चेंडू घेतला. तो डावखुरा होता म्हणून हातमोजा उजव्या हातात. मोजा दुसऱ्या हातात असता, तर हात पुरला नसता असं म्हणतात. तिथून चेंडू पी वी रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, आणि परतणारा धावकही बाद. हाच रीस १९४१ पासूनच्या पाचही पराभवांत मैदानावर होता. शेवटचा बादही त्यानंच हॉजेसकडे फेकून मिळवला. २-० नं खातं चुकतं.

नशीब बघा. ब्रुकलिनचा स्वतःचा पेपर, ‘ब्रुकलिन ईगल’, संपापायी त्याच वर्षीच्या जानेवारीत बंद पडला होता. इतकी वर्षं पराभवाचे मथळे ज्यानं छापले, तो विजयाचा मथळा छापायला उरला नाही.

पुढच्या वर्षी यांकीजनी मागचं सगळं वसूल केलं, आणि १९५७ मध्ये ती बातमी आली. मालक वॉल्टर ओमॅली, पेशानं वकील. त्यांना ब्रुकलिनमध्येच, अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या नाक्यावर, नवं मैदान बांधायचं होतं. शहराची बांधकामं ज्यांच्या मुठीत होती, त्या रॉबर्ट मोझेसनी ती जागा मिळवून द्यायला नकार दिला आणि क्वीन्समधली दाखवली. दोष ओमॅलींचा की मोझेसचा, यावर अमेरिकेत अजून दोन तट पडतात. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवर डॉजर्सचा शेवटचा सामना झाला. समोर क्लेमेंटेचं पिट्सबर्ग, निकाल डॉजर्सच्या बाजूनं २-० असा, आणि हजर माणसं ६,७०२. ८ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसला जात असल्याचं जाहीर झालं. नव्या मैदानासाठी तिकडच्या नगरपालिकेनं चावेझ रॅव्हीनची जी टेकडी दिली, तिथून गरीब मेक्सिकन कुटुंबांची घरं उठली होती. शेवटची कुटुंबं १९५९ मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढली. त्यांचं खातं कुणी लिहीत नाही, म्हणून ही एक ओळ.

ब्रुकलिनकरांना इतकी वर्षं वाटत होतं की हे संयुक्त खातं आहे. पासबुक बघितलं, तर नाव एकट्याचंच. कायद्यानं ओमॅलींनी काहीच गैर केलं नाही. माणसं त्यांची, गणवेश त्यांचे, करार त्यांचे. पण हिशेबशास्त्रात ‘ख्याती’ नावाची एक मालमत्ता शिकवतात. ती दिसत नाही, मोजता येत नाही, तरी धंदा विकताना तिची किंमत लावतात. हिल्डाबाईंची घंटा, हॉजेससाठीची प्रार्थना, चौदा वर्षांचं ‘पुढच्या वर्षी’, ही ती ख्याती. ती कुणी जमवली आणि कुणी नेली, याची नोंद कुठल्या व्हाउचरनं टाकायची, ते माझ्या बी. कॉम.च्या पुस्तकात नाही.

ठेवी मात्र पिकत राहिल्या, दुसऱ्या शाखेत. १९५५ च्या संघात ब्रुकलिनच्याच गल्लीतला एकोणीस वर्षांचा सँडी कूफॅक्स होता. बोनसच्या नियमामुळे त्याला मोठ्या संघातच ठेवणं भाग होतं. त्या सिरीजमध्ये त्यानं एकही चेंडू टाकला नाही. २ ऑक्टोबर १९५३ ला अर्स्किननं यांकीजचे चौदा फलंदाज चेंडू हुकवून बाद केले होते. तो वर्ल्ड सिरीजचा विक्रम. बरोबर दहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९६३ ला, कूफॅक्सनं यांकीजच्याच मैदानात पंधरा बाद केले आणि डॉजर्सनी यांकीजना ४-० असं धुतलं. ज्या दिवसाची ब्रुकलिननं जन्मभर वाट पाहिली तो दिवस ब्रुकलिनच्या पोरानं आणला, टोपीवर लॉस एंजेलिसची अक्षरं घालून. त्या रात्री ब्रुकलिनमध्ये पेढे वाटावेत की दार लावून बसावं, हे कुणी कुणाला सांगावं?

मला या सगळ्यात एक मुलगी आठवत राहते. लिंकनवर जाड ग्रंथ लिहिणाऱ्या डोरिस कर्न्स गुडविन यांनी १९९७ मध्ये ‘वेट टिल नेक्स्ट इयर’ नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलं. सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना बेसबॉलचं गुणलेखन शिकवलं. वडील दिवसभर कामावर. ही मुलगी दुपारी रेडिओसमोर बसून डॉजर्सचा प्रत्येक चेंडू वहीत उतरवायची आणि संध्याकाळी वडिलांना सगळा सामना वाचून दाखवायची. आपण सांगितलं नाही तर वडिलांना कळणारच नाही, असं तिला वाटायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळे आकडे छापून येतात, हे त्या गृहस्थांनी तिला कधी सांगितलं नाही. त्यांचा हुद्दा काय होता माहितीय? बँकांचे तपासनीस. मी इतक्या वर्षांत पुष्कळ तपासनीस पाहिले, पण दुसऱ्याची वही इतक्या प्रेमानं तपासणारा एकच, तोही पुस्तकात.

एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं. पाडायला आणलेल्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. अमेरिकन माणूस तेराव्यालाही सजावट करतो. मग तिथे मोठमोठ्या इमारती उठल्या, सोसायटी झाली, बिऱ्हाडं आली. आणि मग, तुमच्या-आमच्या सोसायटीत होतं तेच झालं. जिथे रॉबिन्सन धावला, हॉजेस चुकला आणि हिल्डाबाईंनी घंटा बडवली, त्या जागी भिंतीवर पाटी लागली : येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.